अर्ज नामंजूर

डेनवाले नाना कुत्री विकतात असं तुम्हाला ज्याने कुणी सांगितलं असेल, त्याने त्यांच्याकडून कुत्रं घ्यायचा प्रयत्न केलेला नसणार. नाना कुत्री विकत नाहीत. नाना माणसं परत पाठवतात. त्यातूनही एखादा चिवट निघाला, हाकलूनही गेला नाही, तर वर्ष-दीड वर्षाने त्याच्या हातात ग्रेट डेनचं पिल्लू ठेवतात. तेही अशा चेहऱ्याने, की हा गडी पहिलाच हप्ता थकवणार.

या चेहऱ्यामागे बत्तीस वर्षांची नोकरी आहे. नाना एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागात होते. त्यांच्या शाखेत बुडीत कर्ज नावाला नव्हतं, कारण कर्जच नावाला होतं. अर्जदाराने सातबारा, जामीनदार, तारण सगळं समोर मांडलं, की नाना चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, ''आणि पाऊस नाही पडला तर?'' ज्याचं टायर पंक्चरचं दुकान आहे त्यालाही. निवृत्तीच्या वेळी बाकीच्यांना शाल-श्रीफळ मिळालं की ते रडतात. नानांच्या वेळी म्हणे गावातले व्यापारी हसत होते.

कात्रजचा घाट उतरलं की खेड-शिवापूरच्या अलीकडे, हायवे सोडून आत, ओढ्याकाठी त्यांची अर्धा एकर जागा आहे. फाटकावर पाटी: 'पिल्ले दाखवली जाणार नाहीत. आधी आम्ही आपल्याला बघू.' मला आत थेट प्रवेश आहे, कारण मला कुत्रं नको असतं. मी काकूंच्या थालीपिठासाठी जातो. नानांच्या मते कुत्रं सांभाळायला लायक माणसाचं पहिलं लक्षण म्हणजे त्याला कुत्रं नको असणं. दुसरं लक्षण त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

अर्ज चार पानी आहे. घर स्वतःचं की भाड्याचं? दुपारी घरी कोण असतं? (कंसात: सीसीटीव्ही चालणार नाही.) रात्री दोन वाजता फोन उचलणारा जनावरांचा डॉक्टर तुमच्या भागात आहे का? असल्यास नंबर. हा नंबर नाना रात्री दोन वाजता स्वतः फिरवून बघतात. एका डॉक्टरांनी उचलला आणि झोपमोड झाल्याबद्दल नानांच्या सात पिढ्या काढल्या. नाना बेहद्द खूश. ''बघ, उचलतो की!'' तो अर्जदार पुढच्या फेरीत गेला.

रात्री दोनचा हा हट्ट उगीच नाही. डेनची छाती खोल असते. कधीकधी पोटात वायू धरतो आणि जठरच पीळ खातं. पोट फुगून टणक होतं, जनावर ओकायला बघतं पण बाहेर काही पडत नाही. मग ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचायला हातात काही तासच असतात. त्यामुळे नानांकडे दिवसातून एकदाच भलंमोठं जेवण नाही. दोन-तीनदा थोडंथोडं, आणि जेवणानंतर सक्तीची वामकुक्षी. दुपारी एकनंतर त्या आवारात कुणी मोठ्याने हाक मारलेली चालत नाही, पोस्टमनने सायकलची घंटी वाजवलेली चालत नाही. पूर्वी नाना जेवणाची भांडी स्टुलावर ठेवायचे, उंच कुत्र्याला मान वाकवायला नको म्हणून. पुढे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या पाहणीत उंच भांड्यामुळे पोट फुगण्याचा धोका वाढलेला दिसला, हे त्यांनी कुठेसं वाचलं. त्याच संध्याकाळी स्टुलं बाहेर. सध्या त्यांच्यावर आम्ही बसतो.

वाकडहून एक आयटीतलं जोडपं आलं होतं. दोघंही गोड, दोघांचेही टी-शर्ट सारखे. फ्लॅट सातव्या मजल्यावर.

''लिफ्ट आहे, काका.''

''बंद पडली तर?''

''जिना आहे ना.''

''तो आठ वर्षांचा होईल,'' नाना म्हणाले. ''डेनचं आयुष्यच मुळात सात ते दहा. सत्तर किलोचा असेल, मागच्या पायांतलं बळ गेलेलं असेल. सकाळी त्याला खाली तर न्यावं लागेल. कोण उचलणार?''

मुलाने मुलीकडे पाहिलं, मुलीने मुलाकडे.

''जिमला जाता?''

''जातो.'' मुलगा जरा सावरला.

''किती उचलता?''

''साठ... साठपर्यंत.''

नानांनी अर्जावर लिहिलं: दहा किलो कमी. नामंजूर. परवा त्या मुलाचा फोन आला होता, ''काका, पासष्ट झाले.'' नानांनी फाईल काढून नोंद केली.

नानांना सगळ्यांत जास्त चीड येते ती बाजारातल्या भाषेची. कुणी फोनवर ''हेवी बोन आहे ना?'' म्हणालं, की त्यांचा आवाज एकदम मऊ होतो, आणि ही धोक्याची खूण. एका बिल्डरने तर ''डबल बोन पाहिजे'' अशी फर्माईश केली. ''हाडं कुत्र्याला असतात तेवढीच आहेत हो,'' नाना म्हणाले, ''दुप्पट पाहिजे असतील तर दोन कुत्री घ्यावी लागतील, आणि तुम्हाला मी एकही देणार नाही.'' बिल्डरला बंगल्याच्या फाटकावर दरारा हवा होता. आता दराऱ्याचं म्हणाल तर नानांचा तोरणा खांद्यापाशी साडेपंच्याऐंशी सेंटिमीटर भरतो आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली की काकूंच्या मागे लपतो. लपतो म्हणजे काकू दिसेनाशा होतात.

दुसरी चीड कॅल्शियमची. पिल्लू जन्मतं अर्ध्या किलोचं आणि वर्षभरात पन्नाशीच्या पुढे जातं. हे बघून घरोघरचे मामा-काका सल्ला देतात: हाडं भरायची आहेत, कॅल्शियमची पावडर द्या, रोज सहा अंडी द्या, दूध रतीबाने लावा. नाना उलट्या बाजूने ओरडतात. या जातीचं पिल्लू जितकं सावकाश वाढेल तितकं बरं. लहान पिल्लाच्या शरीराला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही, आत गेलं ते शोषलं जातं आणि हाडं वाकडीतिकडी होतात. ''बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत,'' हे वाक्य करारनाम्यात कलम चार म्हणून आहे. नाना गेलेल्या पिल्लाच्या घरी न सांगता जातात, चहा नको म्हणतात आणि थेट त्याच्या बरगड्या चाचपतात. एकदा गडबडीत त्यांनी यजमानांच्याही चाचपल्या. शेरा दिला, ''इथे चित्र उलटं आहे.''

करारनामा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर असतो. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला केंद्राच्या २०१७च्या नियमांनी बंदी आहे. तरी ''महिन्याचं द्या हो, लवकर आणलं की लळा लागतो'' म्हणणारे येतातच. नाना त्यांना विचारतात, ''तुम्हाला आईपासून कितव्या महिन्यात तोडलं होतं? कारण परिणाम दिसतोय.'' त्याच नियमांत मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय भरवू नये असं आहे. नाना तेवढ्यावर भागवत नाहीत. खुब्याचे सांधे नीट बसलेत का याचा खात्रीचा एक्स-रे दोन वर्षं पूर्ण झाल्यावर निघतो, म्हणून दोन वर्षं. मग हृदयाचा इको. मग एक माज असाच सोडायचा, कारण ''घाई कुणाला आहे?'' घाई कुणालाच नसते. तोरण्याला थोडी असते.

नानांकडे नर किल्ल्यांच्या नावाचे आणि माद्या नद्यांच्या नावाच्या. तोरणा, राजगड; गोदा, कोयना. ऐकायला छान वाटतं, पण शेजारच्या शेतकऱ्याला त्याचा ताप झाला. हा गृहस्थ मूळचा पाटणचा, सगळे भाऊबंद तिकडे. एका श्रावणात त्याने कुंपणापलीकडून नानांना फोनवर ओरडताना ऐकलं: ''सांगितलं ना, कोयना यंदा भरणार नाही! गेल्या वर्षी भरली होती, यंदा रिकामी राहणार म्हणजे राहणार. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी!'' बँकेतला शिकलेला माणूस, आतली बातमी असणार. त्याने तासाभरात निम्म्या तालुक्याला फोन केले. त्या रात्री पाटणकडे धो धो पाऊस पडत होता आणि त्याचे तीन चुलते काळजीत होते.

फोनवर होते ते कोल्हापूरकडचे हार्लेक्विनवाले. पांढऱ्या अंगावर फाटक्या कडांचे काळे डाग, ही डेनमधली सगळ्यांत देखणी रंगसंगती. यांच्याकडे तसा नर, नानांची कोयनाही तशीच. नकार फोनवर पटला नाही म्हणून ते पेढे घेऊनच आले. नानांनी पेढे ठेवून घेतले आणि फरशीवर खडूने चार चौकोन आखले. हा डाग ज्या जनुकांमुळे पडतो, त्यातलं एक आई आणि बाप दोघांकडून आलं तर पिल्लू पोटातच जातं. दुसरं दोघांकडून आलं तर जन्मतं, पण बहुतेक पांढरं, आणि अशी पुष्कळ पिल्लं बहिरी, काही आंधळीही असतात. सरासरी चारातल्या एकाच्या वाट्याला हे येतं. ''तुमचा देखणा, माझी देखणी, आणि पोरं खड्ड्यात!'' नाना म्हणाले. पाहुणे म्हणाले, पूर्वीचे राजेरजवाडे असला हिशोब करत होते का? जुनागढच्या नवाबाने तर कुत्रीचं लग्न लावलं होतं, हत्ती-घोडे, वाजंत्री, पंगती! ''लावलं ना,'' नाना खडू झटकत म्हणाले, ''पण खुब्याचा एक्स-रे नाही काढला.''

कोयना पुढच्या वर्षी भरली, काळ्या नराकडून, आणि ती व्याली त्या रात्री मी तिथे होतो. शेवटच्या आठवड्यात नाना दिवसातून तीनदा तिचा ताप मोजत होते. अडतीसच्या वर असणारा पारा त्या दुपारी सदतिसाच्या खाली आला. म्हणजे आता चोवीस तास. प्लायवूडची सहा बाय सहाची पेटी तयार होती. तिला आतून भिंतीपासून वीतभर अंतरावर पाइपाचा कठडा, कारण साठ किलोची आई अंग टाकताना मागे पिल्लू आहे की नाही बघत नाही. कठड्यामागे त्याला चिंचोळी जागा राहते. कोयना टॉवेल फाडत होती, उकरत होती, मधूनच नानांकडे असं बघत होती, की हे सगळं यांच्यामुळे झालं. रात्री साडेअकराला पहिलं आलं. तिने पिशवी फोडली, नाळ तोडली, चाटून चाटून त्याला लोळवलं. नानांनी ते काकूंच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं.

''पाचशे वीस.''

काकूंनी वहीत लिहिलं आणि पिल्लाच्या मानेभोवती लाल लोकरीचा धागा सैल बांधला. पुढच्याला निळा, त्याच्या पुढच्याला पिवळा. काकूंचा अर्धवट राहिलेला स्वेटर त्या रात्री हळूहळू उसवत गेला. पाचवं निपचित आलं. नानांनी त्याचं तोंड पुसलं, डोकं खाली धरून टॉवेलने खसाखसा चोळलं, पुन्हा चोळलं. एवढा वेळ बडबडणारा माणूस गप्प. मग चूं असा काहीतरी आवाज आला आणि नाना म्हणाले, ''हा थकबाकीदार होणार.'' पहाटेपर्यंत नऊ झाली. त्यातलं शेवटचं मात्र नाही उठलं. वही बँकेच्या पद्धतीची, उभ्या रेघांची. नानांनी नवव्या ओळीत स्वतःच्या हाताने 'बुडीत' लिहिलं. सबंध नोकरीत न लिहिलेला शब्द; पेन थोडं अडखळलं.

पुढचे पंधरा दिवस ते पेटीशेजारी सतरंजी टाकून झोपले. पिल्लांना पहिले दोन आठवडे स्वतःची ऊब धरता येत नाही, डोळेही मिटलेले असतात. दर दोन तासांनी उठून ते मोजत: आठ आहेत ना, आठही आईला लागलीत ना, कुणी दिव्यापासून लांब नाही ना. काकू सकाळी चहा घेऊन आल्या. ''माझ्या दोन्ही बाळंतपणांत हे ऑडिटला साताऱ्याला होते,'' त्या म्हणाल्या. नानांनी बशी तोंडाला लावली.

काकूंबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. त्यांच्या घराला छातीइतक्या उंचीपर्यंत ऑइलपेंट आहे, कारण डेनने मान झटकली की लाळ कुठवर जाईल सांगता येत नाही. एकदा गणपतीच्या आरतीत ती निरांजनावर पडली. पोळ्यांचा डबा फ्रिजवर ठेवून उपयोग नाही. गोदा मागच्या पायांवर उभी राहिली की काकूंपेक्षा दीड फूट उंच होते, आणि डबा उघडून, पोळ्या खाऊन, तो परत लावायलाही ती शिकली असती तर काकूंची काही तक्रार नव्हती.

मग या सगळ्यात नानांना सुटतं काय? मी एकदा वही मागून बघितली. जमेच्या रकान्यात पिल्लांचे आठ आकडे होते. नावेच्या रकान्यात प्रोजेस्टेरॉनच्या तपासण्या (माजातला नेमका दिवस त्यावरून कळतो), एक्स-रे, इको, मायक्रोचिप, केनेल क्लबची नोंदणी, जंताची औषधं, लशी, खाणं, शिवाय 'काकूंची लोकर'. शेवटी शिल्लक: उणे. त्या आकड्याखाली नानांनी नीट दुहेरी रेघ मारून सही केली होती. बँकेत असताना असा धंदा घेऊन कुणी आलं असतं, तर नानांनी त्याला हसत हसत बाहेर काढलं असतं.

त्या करारनाम्यातलं कलम सात असं आहे, की कुत्रं सांभाळणं कुठल्याही कारणाने, कुठल्याही वयात, अशक्य झालं तर ते नानांकडेच परत यावं. विकू नये, कुणाला देऊ नये, सोडू तर नयेच. राजगड असाच परत आला, पाच वर्षांचा होऊन. मालक कॅनडाला निघाले होते. नानांनी तासभर त्यांची खरडपट्टी काढली, पाण्याचा ग्लास दिला आणि पुन्हा पहिल्यापासून काढली. मग त्यांच्या अर्जावर 'पुन्हा अर्ज करू नये' लिहिलं आणि राजगडला आत घेतलं. राजगडने त्या रात्री सोफा खाल्ला. नाना म्हणाले, ''धक्का बसलाय त्याला.'' सोफ्याबद्दल काकू काही बोलल्या नाहीत, कारण आधीचा गोदेने खाल्लेला होता.

पुतण्याची मुलं सुट्टीत येतात तेव्हा मात्र फार मजा. धाकट्याच्या अंगात स्कूबी-डूचा टी-शर्ट असतो. नाना त्याला खुर्चीवर उभं करतात आणि छडीने चित्रातले दोष दाखवतात: पाठ उतरती, पाय बाकदार, हनुवटी दुहेरी. ''१९६९ साली हा काढणाऱ्या टाकामोटोने डेन पाळणाऱ्या बाईंकडून चांगल्या डेनची लक्षणं विचारून घेतली आणि मुद्दाम सगळी उलटी काढली! मुद्दाम!'' पोरगा म्हणतो, ''आजोबा, पण तो चोर पकडतो.'' कान कापण्याचंही तेच. बाहेरून आलेले लोक विचारतात, याचे कान उभे का नाहीत? ''रानडुकराच्या शिकारीत कान फाटायचे म्हणून जर्मन लोक कापत होते,'' नाना सांगतात. ''आता खुद्द जर्मनीत बंदी आहे. तुमच्याकडे बाणेरला रानडुक्कर आहे का?''

गेल्या दिवाळीनंतर वाईच्या एक बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, एसटीने आलेल्या, ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी. त्यांनी अर्ज वाचला आणि भरायच्या आधी लाल पेनाने त्यातल्या वेलांट्या दुरुस्त केल्या. नाना खुर्चीत थोडे पुढे सरकले. नेहमीप्रमाणे त्यांनी चष्मा कपाळावर नेला, तेवढ्यात बाई म्हणाल्या, ''आधी माझे प्रश्न.''

कोयनेची आई किती वर्षांची होऊन गेली? नाना म्हणाले, साडेनऊ. कशाने? म्हातारपणाने. ठीक. तोरण्याचा बाप? सहा. कशाने? नानांनी घसा खाकरला. तोरण्याचा इको कधी झाला? दोनाचा होता तेव्हा, उत्तम आहे, रिपोर्ट आहे.

''आता किती वर्षांचा आहे?''

''पाच.''

''मग मधल्या तीन वर्षांचं काय? या जातीत हृदय सैल पडतं ते पुष्कळदा मध्यम वयात पडतं. दोनाच्या वयाचा चांगला रिपोर्ट पाचाला चालत नाही. माझा पहिला डेन पाचव्या वर्षी गेला. सकाळी फिरून आला आणि दारात बसला.'' बाईंनी पेनाला टोपण लावलं. ''या जोडीची पिल्लं मला नकोत. गोदेच्या वेताला तोरणाच वापरणार असाल, तर आधी त्याची तपासणी करा. आणि मागच्या नाल्याचा उतार चुकलाय, पाणी साचतं.''

थालीपीठ खाऊन, कृतीत ओवा कमी आहे असं काकूंना सांगून, त्या चारच्या गाडीने गेल्या. अर्ज टेबलावर होता. कोपऱ्यात लाल अक्षरात: 'दुरुस्तीसाठी परत.'

नाना आठवडाभर धुमसत होते. ''समजते कोण स्वतःला! मला! मला विचारते मधल्या तीन वर्षांचं काय!'' येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. पोस्टमनला सांगितलं, तोही वामकुक्षीच्या वेळात, मोठ्याने. मग एका सकाळी त्यांनी जीपच्या मागच्या सीट काढल्या, तोरण्याला घातलं आणि पुण्याला घेऊन गेले. इको झाला. शिवाय हृदयाचे ठोके चोवीस तास टिपणारं यंत्र लावलं, त्यावर जाकीट. त्या जाकिटात तोरणा दिवसभर अंगणात असा वावरत होता, की जणू कुणी त्याला सत्काराला बोलावलंय. त्याने केव्हा काय केलं ते नाना वहीत टिपत होते: ९.१०, भुंकला. ९.१२, स्वतःच दचकला. ११.४०, कुकर.

रिपोर्ट निर्दोष आला. नानांनी त्याच्या दोन प्रती काढल्या, त्यातली चांगली निवडली, वर शुद्ध मराठीत पत्र लिहिलं, वेलांट्या काकूंकडून तपासून घेतल्या आणि सगळं स्पीड पोस्टाने वाईला पाठवलं. नाल्याचा उतार काढायला गवंडीही बोलावला.

चार दिवसांनी पोस्टकार्ड आलं. नानांनी ते मला दाखवलं, नाक फेंदारून, पण धरलं होतं दोन्ही हातांनी.

'रिपोर्ट मिळाला. गोदेचाही पाठवा.'